खेळ आणि गोष्टीतून भौतिकशास्त्र: ठाणे-नवी मुंबईतल्या शिक्षक-पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१. ‘खेळातून भौतिकशास्त्र’ म्हणजे नेमकं काय? आम्ही वर्गात क्विझ घेतोच की.

क्विझमध्ये कुणीतरी प्रश्न विचारतं आणि मूल उत्तर देतं. इथे प्रश्न विचारायला कुणी नसतं. मुलं एका प्रसंगात अडकतात आणि सुटायचं तर त्यांना काहीतरी मोजावं, जोडावं, ठरवावं लागतं. खेळ जमलाय की नाही हे तपासायला दोन गोष्टी करून पाहा. गोष्ट काढून टाका. कोडं निरर्थक व्हायला हवं. मग भौतिकशास्त्र काढून टाका. गोष्ट पुढे सरकता कामा नये. ‘चेटकीण म्हणाली, ओहमचा नियम सांग तरच दार उघडेन’ ही झगा घातलेली तोंडी परीक्षाच, आणि चौदा वर्षांच्या मुलांना ते पहिल्या मिनिटात कळतं.

२. कोणत्या इयत्तेला आणि कोणत्या धड्यांना हे जमतं?

आठवी ते दहावी. बल व दाब, गती, धाराविद्युत, परावर्तन, अपवर्तन आणि भिंगं हे विषय उत्तम चालतात, कारण मोजमाप दोन-तीन मिनिटांत होतं. उष्णता खेळात घेऊ नका. पाणी तापायची वाट बघता बघता मुलं पांगतात, आणि साध्या भांड्यातून इतकी उष्णता बाहेर जाते की आकडा पुस्तकाच्या आसपासही येत नाही. गुरुत्वाकर्षण आणि उपग्रह पडद्यावरच बरे (प्रश्न १२). दहावीच्या मुलांसाठी जून ते दिवाळी हा काळ धरा. सराव परीक्षा सुरू झाल्या की त्यांचं लक्ष खेळात नसतं आणि पालकांचं तर नसतंच.

३. किती मुलं, किती वेळ, केवढी जागा?

चार मुलांचा एक गट, जास्तीत जास्त पाच गट, दोन गटांमागे एक मोठं माणूस. वेळ दीड तास: दहा मिनिटं गोष्ट, पन्नास मिनिटं खेळ, तीस मिनिटं चर्चा. चर्चेतली मिनिटं खेळाला देऊ नका (प्रश्न १०).

जागा म्हणून शाळेचा वर्ग किंवा सोसायटीचा क्लबहाउस पुरतो, पण आदल्या दिवशी जाऊन दोन गोष्टी पाहा: पडदे ओढल्यावर पुरेसा अंधार होतो का, आणि पंखे कोपऱ्यानुसार वेगळे बंद करता येतात का. लंबक आणि पंखा एकत्र नांदत नाहीत, आणि मे महिन्यात वीस मुलांना पंख्याविना वीस मिनिटांहून जास्त ठेवणं शक्य नाही. सगळे गट एकाच कोड्यावर तुटून पडू नयेत म्हणून प्रत्येक गटाला क्रम वेगळा द्या; शेवटचा टप्पा मात्र सगळ्यांना शेवटीच.

४. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक तयार खेळ द्याल का?

‘भरती यायच्या आत’. पार्श्वभूमी खरी आहे. नवी मुंबईचे काही सखल भाग मोठ्या भरतीच्या पाण्याच्या पातळीला टेकतात, म्हणून सिडकोने पावसाचं पाणी तात्पुरतं साठवायला धारण तलाव बांधले. तलाव आणि खाडी यांच्यामध्ये फ्लॅप गेट, म्हणजे एकाच बाजूला उघडणारी झडप, असतं. भरतीला खाडीच्या पाण्याचा दाब ते बंद करतो, ओहोटीला तलावाचं पाणी ते ढकलून बाहेर पडतं. मोटर नाही, माणूस नाही.

गोष्ट अशी: जुलैतली रात्र, दहा वाजलेत, पाऊस थांबत नाही, वीज गेली आहे. रात्रपाळीचा ऑपरेटर पाण्यात अडकलाय आणि पंपघरात फक्त तुम्ही चौघं. त्याची वही सापडते, तिच्यात अर्धवट सूचना आहेत.

पहिला टप्पा, घड्याळ. भिंतीवरचं घड्याळ बंद आहे. छताच्या हुकाला २५, ४९ आणि ६४ सेंमीचे तीन लंबक, अ, ब, क अशी लेबलं लावून. वहीत लिहिलंय: ‘दहा झोक्यांचे सेकंद (झोका म्हणजे जाऊन परत येणं), जवळची पूर्ण संख्या, एकक स्थानचा अंक.’ उत्तरं १०, १४, १६. कुलपाचा आकडा ०४६. सेंटिमीटरमधल्या लांबीच्या वर्गमुळाची दुप्पट केली की दहा झोक्यांचे सेकंद जवळजवळ बरोबर मिळतात. हे मुलांना आधी सांगू नका, चर्चेत त्यांच्याकडूनच काढा.

दुसरा टप्पा, पॅनेल. पंपाच्या सर्किटला १५० ओहमचा रोध हवाय आणि डब्यात फक्त १०० ओहमचे सहा. दोन समांतर जोडले की ५०, त्यांना एकसर एक, झाले १५०. बहुतेक गट आधी सगळे एकसर जोडून ६०० वर पोचतात आणि रोध वाढतच चाललाय म्हणून चक्रावतात. तिथे मदत करू नका. मीटरवरचं वाचन फोनवरच्या ‘वायरमन’ला, म्हणजे तुमच्या सहकाऱ्याला, कळवलं की तो पुढची चिठ्ठी कुठे आहे ते सांगतो.

तिसरा टप्पा, इशारा. कपाटामागच्या खुणेवर टॉर्चचा झोत दोन सपाट आरशांनी न्यायचा. इथे मुलं हमखास हुकतात: आरसा १० अंश फिरवला की किरण २० अंश फिरतो. तीन मीटर अंतरावर आरसा एक अंश हलला तरी ठिपका सुमारे १० सेंमी सरकतो, म्हणून आरसा हातात न धरता मातीच्या गोळ्यात रोवायला द्या.

चौथा टप्पा, निर्णय. याला कुलूप नाही. गटाला आलेख कागद आणि हे आकडे मिळतात (ते खेळासाठी ठरवलेले आहेत): खाडीची पातळी रात्री १० ला २.८ मीटर, १२ ला ४.३, १ ला ४.५, २ ला ४.३, ३ ला ३.७, ४ ला २.८. तलाव १० ला २.२ मीटरवर आणि तासाला ०.२ मीटर चढतोय. तलाव ३.० ला पोचला की रस्ता बुडतो. पंपात दोन तासांचं डिझेल आहे, पंप तासाला ०.३ मीटर उपसतो. प्रश्न दोन: गेट आपोआप कधी उघडेल, आणि पंप लावायचा का?

निम्मे गट तरी म्हणतील, ‘एकला भरती संपते, मग गेट उघडेल, पंप कशाला?’ पण एकला खाडी ४.५ वर आणि तलाव २.८ वर आहे. पाणी उतरायला लागलं म्हणून गेट उघडत नाही, ते तलावापेक्षा खाली गेलं की उघडतं. दोन्ही रेषा साडेतीनच्या सुमारास छेदतात. रस्ता मात्र दोनलाच बुडतो. म्हणजे पंप दोनच्या आत लावायलाच हवा. निर्णय लेखी घ्या, गटातल्या चौघांच्या सह्या घ्या, मगच प्रश्न ५ मधलं मॉडेल उघडा.

५. फ्लॅप गेटचं मॉडेल कसं करायचं? आमचं गळतं.

सुमारे १० लिटरचा पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा घ्या. मधोमध डब्याचे दोन भाग करणारी ३ मिमी अ‍ॅक्रिलिकची उभी भिंत सिलिकॉन सीलंटने बसवा. भिंतीत तळापासून ३ सेंमी वर ४ सेंमी बाजूचं चौकोनी भोक आधीच कापून ठेवा. सायकलच्या जुन्या ट्यूबचा ६ सेंमी चौरस तुकडा ‘खाडी’च्या बाजूने फक्त वरच्या कडेला चिकटवा, म्हणजे चारही बाजूंनी १ सेंमी भोकाबाहेर राहील. तळाला दोन लहान वॉशर चिकटवले की तो लोंबता राहतो.

गळतीची कारणं ठरलेली आहेत. सीलंटला २४ तास न देता पाणी भरलं. ट्यूबचा मुळातला बाक आतल्या बाजूला न ठेवता बाहेर ठेवला. किंवा भोकाची कड खरखरीत राहिली, ती बारीक सँडपेपरने घासायला हवी होती. थोडं पाझरलं तरी चालतं. खऱ्या गेटांतूनही पाझरतंच.

पाण्यात वेगवेगळे खाद्यरंग टाका. खाडीकडे ५ सेंमी जास्त पाणी असेल तर झडपेवर सुमारे ०.८ न्यूटन बल येतं, म्हणजे साधारण ८० ग्रॅमचं वजन. मुलांना बोटाने झडप उघडून पाहू द्या. मग विचारा, १ मीटर रुंद आणि १ मीटर उंच गेटाच्या एका बाजूला काठोकाठ पाणी आणि दुसरी बाजू कोरडी असेल तर? खोलीनुसार दाब वाढत जातो म्हणून सरासरी दाब घ्यायचा. उत्तर सुमारे ४९०० न्यूटन, अर्ध्या टनाचं वजन. ‘माणसाने जोर लावून गेट का उघडलं नाही’ हा प्रश्न तिथे संपतो.

६. साहित्य कुठे मिळेल आणि खर्च किती?

एका गटाच्या संचाला सुमारे हजार-दीड हजार रुपये, त्यात मोठा वाटा डिजिटल मल्टिमीटर आणि नंबरच्या कुलपाचा. रोध, वायर, मगरचिमटे लॅमिंग्टन रोडला घाऊक मिळतात. पाच-सहा संचांसाठीच तिथवर जायचं, एकासाठी ऑनलाइन मागवा. आरसे काचवाल्याकडून १० सेंमी चौरस कापून घ्या आणि कडा घासून द्यायला सांगा. डबे, दोरा, खाद्यरंग जांभळी नाक्याला किंवा वाशीच्या सेक्टरमधल्या कुठल्याही दुकानात. लंबकाला नायलॉनचा दोरा नको, तो ताणतो. जाड सुती दोरा आणि लोखंडी नट.

७. मुलांची पद्धत बरोबर होती, तरी कुलूप उघडलं नाही. चूक कुठे?

बहुतेक वेळा चूक खेळ लिहिणाऱ्याची असते. मोजमापात चूक येणारच. उत्तर ती सामावून घेणारं हवं.

लंबकात चार जागा तपासा. पहिली, मोजणी: सोडताना ‘एक’ म्हटलं तर दहा म्हणेपर्यंत नऊच झोके होतात आणि १४ च्या जागी १२.६ येतं. सोडताना ‘शून्य’ म्हणायची सवय लावा. दुसरी, लांबी हुकापासून नटाच्या मध्यापर्यंत धरायची, टोकापर्यंत नाही. तिसरी, झोका: १५ अंशांच्या आत ठेवा, ६० अंशांवरून सोडला तर एका झोक्याचा वेळ, म्हणजे आवर्तकाल, सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो आणि १६ चे १७ होतात. चौथी, बोट: स्टॉपवॉच दाबण्यात ०.२ सेकंदाचा फरक सहज पडतो. एकाच झोक्यावर तो मोठा, दहा झोक्यांवर नगण्य. दहा झोके का मोजायचे याचं कारण मुलांनी याच चुकीतून शोधलेलं उत्तम.

रोधाचं तसंच. सोनेरी पट्टीचा १०० ओहमचा रोध प्रत्यक्षात ९५ ते १०५ मध्ये कुठेही असू शकतो, म्हणून मीटरवर बरोब्बर १५० येणार नाही. १४२ ते १५८ स्वीकारा, आणि मीटरवरच्या आकड्याला थेट कुलपाचा आकडा कधीच करू नका. मोजताना सर्किटला बॅटरी जोडलेली राहिली तर मीटर वाट्टेल ते दाखवतो.

८. मुलं विचार न करता आकडे फिरवत बसतात.

बसणारच. तीन आकडी कुलपाच्या हजार जोड्या असतात; एका जोडीला दोन सेकंद धरले तर सगळ्या तेहतीस मिनिटांत होतात. दोन आकडे कळले असतील तर तिसरा वीस सेकंदांत. शिवाय स्वस्त कुलूप ताणून धरलं की आकडा हाताला लागतो, आणि हे शोधणारं मूल हुशारच म्हणायचं. उपाय: कुलपाला हात लावण्याआधी मोजमापांचा तक्ता दाखवायचा आणि चुकीच्या प्रयत्नाला दोन मिनिटं ‘पाणी चढतं’. त्याहून चांगला उपाय म्हणजे कुलपं कमी आणि चौथ्या टप्प्यासारखे निर्णय जास्त.

९. गटात एकच मुलगी सगळं सोडवते, बाकीचे बघत बसतात.

माहिती वाटून द्या. वहीची चार पानं चौघांकडे. पान वाचून दाखवायचं, पण हातातून सोडायचं नाही. मोजणारा, नोंदणारा, जोडणारा आणि फोनवर बोलणारा ही कामं दर टप्प्याला फिरतात. सगळ्यात तयारीच्या मुलीला पहिल्या टप्प्यात फोनवरचं काम द्या: तिला हात लावता येत नाही, समजावून सांगावं लागतं.

१०. शेवटची चर्चा कशी घ्यायची? तोवर मुलं दमलेली असतात.

खेळात मुलं शिकतात ते बरंचसं ‘असं केलं की उघडतं’ एवढंच. त्याचा नियम चर्चेत होतो. आधी प्रत्येक गटाने आपला चुकलेला अंदाज सांगायचा, बरोबर आलेला नाही. मग त्याच नियमाचा गोष्टीबाहेरचा एक प्रश्न: लंबकाचं वजन दुप्पट केलं तर? घरात तीन दिवे एकसर जोडले तर? शेवटी पुस्तकातलं सूत्र फळ्यावर लिहा. उलट क्रमाने, म्हणजे सूत्र आधी आणि खेळ नंतर घेतला, तर खेळ हा फक्त सराव उरतो.

११. आमच्याकडे पस्तीस मिनिटांचा तास आहे आणि पैसे नाहीत.

मग एकच प्रसंग घ्या. वायरिंगची दोन मीटर लांब पीव्हीसी केसिंग पट्टी, एक गोटी आणि रंगीत चिकटपट्टी. पट्टीचं एक टोक असं उचला की १८० सेंमी लांबीला ५ सेंमी चढ येईल. प्रसंग: ब्रेक निकामी झालेला डबा उतारावर सुटलाय, सिग्नलवाल्याला चार ठिकाणी एकसारख्या वेळेच्या अंतराने इशारा ऐकू यायला हवा. गोटी खुणेवरून गेली की टाळी, हाच इशारा. खुणा कुठे करायच्या? मुलं समान अंतरावर करतात आणि टाळ्यांचा ठेका घाईघाईचा होत जातो. सुटण्याच्या जागेपासून १०, ४०, ९० आणि १६० सेंमीवर खुणा केल्या की साधारण सेकंदाला एक टाळी पडते. दोन खुणांमधली अंतरं १, ३, ५, ७ या प्रमाणात वाढतात. गॅलिलिओने उतारावर गोळे सोडून हेच पाहिलं होतं, आणि वेळ मोजायला भांड्यातून गळलेलं पाणी तोललं होतं. पट्टी मधे वाकली तर ठेका बिघडतो. खाली तीन ठिकाणी वह्यांचा टेकू द्या.

१२. मोबाइल आणि कॉम्प्युटरवरचे गेम चालतील का? त्यातलं भौतिकशास्त्र चुकीचं असतं ना?

चालतात, आणि चूकच कामाला येते. माइनक्राफ्टमध्ये झाडाचा बुंधा तोडला तरी वरचा भाग हवेत लटकतो, वाळू मात्र पडते. ‘इथे गुरुत्वाकर्षण कुणाला लागू आहे?’ यावर नववीचा अख्खा तास जातो.

कर्बल स्पेस प्रोग्रॅम या यान उडवायच्या गेममधला ग्रह आणखी मजेदार. त्याची त्रिज्या ६०० किमी, पृथ्वीच्या जवळपास दहावा भाग, पण पृष्ठभागावरचं गुरुत्वत्वरण पृथ्वीइतकंच. म्हणजे वस्तुमान सुमारे शंभरावा भाग आणि घनता दहापट. हे गणित दहावीचं मूल स्वतः करू शकतं. ८० किमी उंचीवरच्या कक्षेत तिथे सेकंदाला सुमारे २.३ किमी वेग लागतो. पृथ्वीभोवती ४०० किमीवर ७.७ च्या आसपास. एकाच लॅपटॉपवर खेळ लावा, एक जण यान चालवेल, बाकीचा वर्ग नियंत्रण कक्ष होऊन आकडे काढेल.

कोलोरॅडो बोल्डर विद्यापीठाची ‘फेट’ सिम्युलेशन्स मोफत आहेत आणि त्यातली बरीच मराठीत मिळतात. पण तिथे तारेला रोध जवळजवळ नसतो, मीटर चुकत नाही. आधी खरं सर्किट, मग फेट.

१३. व्हीआर हेडसेट घ्यावा का?

एका हेडसेटमध्ये एक मूल आणि एकोणीस प्रेक्षक. त्याच पैशांत प्रश्न ६ मधले बरेच संच येतात. शाळेत आधीच असेल तर बसून, दहा मिनिटांची पाळी, मळमळ वाटली की लगेच काढायचा.

१४. जुलैत फुग्याचा खेळ फसला. का?

दमट हवेत वस्तूंच्या पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर बसतो आणि त्यावरून विद्युतभार निघून जातो. स्थितिक विद्युतचे सगळे खेळ डिसेंबर-जानेवारीसाठी ठेवा. पावसाळ्यात धाराविद्युत, प्रकाश आणि दाब.

१५. बाहेर काही करता येईल का? लोकल, तलाव, खाडी?

लोकल उत्तम. ठाणे-वाशी गाडीत दुपारी, बसायला जागा असताना, ३० सेंमी दोऱ्याला किल्ली बांधून लोंबती धरा. गाडी सुटताना ती मागे झुकते. ३० सेंमीवर दीड सेंमी सरकली तर त्वरण सुमारे ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग. स्थानकात शिरताना उलट दिशा. फोनवर मोफत ‘फायफॉक्स’ अ‍ॅपने तोच आकडा ताडून पाहता येतो. दारात कुणीही उभं राहायचं नाही आणि प्रत्येक चौघांमागे एक मोठं माणूस.

गोष्ट हवी असेल तर १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला आलेली पहिली प्रवासी गाडी आहेच: ३४ किमी. आजच्या जलद लोकलचा सरासरी वेग काढून मुलं त्या गाडीसाठी वेळापत्रक बनवू शकतात.

खाडीच्या कडेला मुलांना नेऊ नका. चिखल फसवा असतो, आणि खारफुटी संरक्षित आहे. भरती-ओहोटी पाहायची तर वाशीचा मिनी सीशोअर पुरे, तेही कठड्याच्या अलीकडून.

१६. याने मार्क वाढतात का?

पाठांतराच्या प्रश्नांत नाही. संकल्पनेच्या प्रश्नांबद्दल अमेरिकेतला रिचर्ड हेक यांचा १९९८ चा अभ्यास नेहमी सांगितला जातो: ६२ अभ्यासक्रम, सहा हजारांवर विद्यार्थी. नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांत शक्य असलेल्या सुधारणेपैकी सरासरी २३ टक्के झाली, विद्यार्थी स्वतः करून-बोलून शिकतात अशा वर्गांत ४८ टक्के. मात्र ते वर्ग खेळांचे नव्हते. म्हणून फायद्याचं श्रेय गोष्टीला किंवा कुलपाला देऊ नका. ते अंदाज, मोजमाप आणि चर्चेला जातं. स्वतः तपासायचं असेल तर खेळाच्या आधी आणि तीन आठवड्यांनी तेच पाच प्रश्न द्या. दुसऱ्याच दिवशी घेतलेली चाचणी फार गोड निकाल देते.

१७. सुरक्षेसाठी काय पाहावं?

दार कधीही खरोखर बंद करायचं नाही. लेझर पॉइंटर नको. स्वस्त पॉइंटरांवर लिहिलेल्या क्षमतेवर विश्वास ठेवता येत नाही, टॉर्चवर काळा कागद लावून २ मिमीची फट पुरते. खोलीतले सगळे प्लग चिकटपट्टीने झाका, कारण हातात मल्टिमीटर आला की कुणीतरी तो प्लगात घालून बघतंच. वीज फक्त दीड व्होल्टच्या सेलची. अंधाराची किंवा ‘पाणी चढतंय’ या कल्पनेची भीती वाटणारं मूल असतं. गेल्या पावसात घरात पाणी शिरलेलंही असू शकतं. आधी विचारा, आणि त्याला फोनवरच्या वायरमनची जागा द्या.

१८. एका मुलाला रंग नीट ओळखता येत नाहीत.

रोधांच्या पट्ट्या वाचायचं कोडं ठेवूच नका. पाकिटावर आकडा लिहा. तारांना रंगाऐवजी गाठी किंवा अक्षरं. मॉडेलमध्ये एका बाजूचं पाणी गडद निळं, दुसरं फिकं पिवळं, लाल-हिरवं नको.

१९. सकाळच्या तुकडीने दुपारच्या तुकडीला उत्तरं सांगितली. आता?

आकडे बदला, खेळ तोच. ३६ सेंमीच्या लंबकाला १२ सेकंद, ८१ ला १८, १०० ला २०. कोणतेही तीन घ्या. पॅनेलवर १५० ऐवजी २५० मागा (दोन एकसर आणि त्यांना दोन समांतर). चौथ्या टप्प्यात तलाव तासाला ०.१ मीटर चढू द्या: मग गेट चारच्या सुमारास आपोआप उघडतं, तोवर तलाव २.८ च्या वर जात नाही आणि पंपाची गरजच उरत नाही. सकाळच्यांनी ‘पंप लावा’ असं सांगून ठेवलेलं असलं तरी आलेख काढल्याशिवाय दुपारच्यांची सुटका नाही.